पंधरा ऑगस्टवर एवढी गर्दी का?

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी भाचीच्या शाळेत फळा सजवतात. डावीकडे तिरंगा आणि उजवीकडे दिनविशेष, सगळं रंगीत खडूंनी. यंदा दिनविशेषाचं काम तिच्याकडे होतं. संध्याकाळी ती कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: १५३४, पॅरिसमध्ये ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर आणि सोबत्यांची शपथ. १५४९, झेवियर जपानात पोचले. १८७२, श्री अरविंदांचा जन्म. १९४५, जपानची शरणागती. १९४७ तर होतंच. १९४८, दक्षिण कोरियाची स्थापना. १९५४, तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा. १९५५, पत्रादेवीचा गोळीबार.

"मामा, एकाच तारखेला एवढं? काहीतरी असणार ना या तारखेत?"

प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. मोठी माणसंही असल्या याद्या एकमेकांना पाठवतात आणि खाली 'योगायोग की नियती?' असं लिहितात. उत्तरासाठी प्रत्येक नोंदीला वेगळं विचारावं लागतं: बाई गं, तू या तारखेवर आलीस कशी? कोणी आणून बसवली, कोणी घड्याळाच्या काट्यामुळे आली, कोणी पंचांगाच्या चुकीमुळे, आणि कोणी नुसतीच वाट चुकून.

आपल्या जवळच्या नोंदीपासून सुरू करू. १९५५ साली भारत स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती. गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच होता. बांद्याहून पुढे आलं की पत्रादेवीची हद्द. तिथे तिरंगा घेऊन पाऊल टाकलं की अटक, मार, नाहीतर गोळी. त्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या चालवल्या. वीसपेक्षा जास्त माणसं गेली. त्यांत पंजाबचे कर्नैल सिंग बेनिपाल होते, पनवेलचे हिरवे गुरुजी होते.

आता नुसत्या सोयीचा विचार करा. कोकण-गोव्यात ऑगस्टात मोर्चा काढावा असं पावसाची सवय असलेला कोणी म्हणणार नाही. ओहोळ भरलेले, पायवाटा घसरड्या, रानात जळवा. सोयच बघायची असती तर डिसेंबर होता. तारीख निवडली ती झेंड्यासाठी. ज्या दिवशी दिल्लीत लाल किल्ल्यावर तिरंगा चढतो, त्याच दिवशी तो इथे का चढू नये, हा सवाल त्या तारखेतच होता. आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ला, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर झेंडा लावला, तोही याच हिशोबाने. मला वाटतं, निवडलेल्या तारखेची एक किंमतही असते: ती समोरच्यालाही आधीच कळते. पोर्तुगीजांना १५ ऑगस्टचा अंदाज बांधावा लागला नाही.

म्हणजे १९५४ आणि १९५५ या नोंदी १९४७च्या खुंटीला बांधलेल्या. मग १९४७ कुठल्या खुंटीला?

ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी १९४७मध्ये जाहीर केलं होतं की जून १९४८पर्यंत सत्ता सोडू. माउंटबॅटन आले आणि त्यांनी सगळं अलीकडे ओढलं. ४ जूनला दिल्लीत पत्रकारांसमोर त्यांनी १५ ऑगस्टचा उल्लेख केला. हीच तारीख का, याचं कारण त्यांनी पुढे सांगितलं: जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. युद्धात ते आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते, त्यामुळे ही तारीख त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली मोठी तारीख. चाळीस कोटी लोकांच्या स्वातंत्र्याचा मुहूर्त एका सेनानीच्या आठवणीतून निघाला, हे मला अजूनही थोडं खटकतं. पण इतिहास असाच आहे.

दक्षिण कोरियाचंही तेच. जपान हरला म्हणून कोरिया सुटला. तीन वर्षांनी प्रजासत्ताक स्थापन करायचं तर त्यांनी सुटकेचाच दिवस धरला. थोडक्यात, भाचीच्या यादीतल्या १९४५, १९४७, १९४८, १९५४ आणि १९५५ या पाच नोंदी म्हणजे पाच योगायोग नव्हेत. एकाच दोरीला मारलेल्या त्या पाच गाठी आहेत. पत्रादेवीची दोरी ओढत गेलं तर दुसरं टोक टोकियोच्या रेडिओ केंद्रात सापडतं.

माणसं तारखा अशा ओवतातच. २६ जानेवारी १९३० हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळला गेला होता. म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारलेली राज्यघटना पूर्णपणे अमलात यायला दोन महिने थांबली. आणि महाराष्ट्रातले जुन्या पिढीचे लोक आठवा. निम्म्यांचा वाढदिवस १ जून! त्यात ग्रहांचा काही संबंध नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसायची आणि गुरुजी एक सोयीची तारीख लिहून मोकळे व्हायचे.

पण टोकियोच्या टोकालाही एक गंमत आहे. सम्राट हिरोहितोंचं भाषण जपानी रेडिओवर १५ ऑगस्टला दुपारी लागलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शरणागतीची बातमी वॉशिंग्टनला जाहीर केली तेव्हा तिथे १४ ऑगस्टची संध्याकाळ होती. त्यामुळे अमेरिकेच्या पुस्तकात जपान चौदाला हरला आणि जपानच्या पुस्तकात पंधराला. कागदावर सह्या तर २ सप्टेंबरला झाल्या. एक घटना, तीन तारखा, आणि तिन्ही बरोबर. माउंटबॅटननी अमेरिकेचं घड्याळ धरलं असतं तर आपण झेंडावंदन आदल्या दिवशी केलं असतं.

दिवस सुरू कधी होतो, हाही घोळच. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा वार सूर्योदयाला. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे कृष्ण चतुर्दशी, अमावास्या तोंडावर. ज्योतिष्यांना तो दिवस पसंत नव्हता, म्हणून घटना समितीची बैठक चौदाच्या रात्री बसवून बाराच्या ठोक्याला काम उरकण्याचा तोडगा निघाला, असं सांगतात. इंग्रजी हिशोबाने पंधरा तारीख लागली आणि पंचांगाच्या हिशोबाने आदलाच दिवस चालू राहिला. दोन्ही पक्ष खूश. पाकिस्तानचंही बघा. कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्टच लिहिलेला, पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही तीच तारीख छापलेली. पण ते स्वातंत्र्यदिन पाळतात चौदाला.

आता यादीची वरची बाजू, म्हणजे झेवियरच्या दोन नोंदी. इथे गोव्याचा माणूस जरा सावरून बसतो.

१५३४ची शपथ पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर झाली. १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, आपल्याकडे अजूनही फेस्त असतं. शपथेसाठी सणाचा दिवस धरला, यात नवल नाही. १५४९चं वेगळं आहे. त्या वर्षी एप्रिलात झेवियर गोव्याहून निघाले. सोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस होता, ज्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झाला होता. मलाक्क्याहून चिनी जहाज मिळालं आणि ते कागोशिमाला लागलं १५ ऑगस्टला. ही तारीख वाऱ्याने ठरवली. झेवियरना स्वतःला तिचं अप्रूप वाटलं, पत्रात त्यांनी सणाचा उल्लेख केला आहे.

आता कोणी हुशार माणूस असा निरोप तयार करील: 'गोव्याहून निघालेले झेवियर १५ ऑगस्टला जपानात उतरले, बरोबर ३९६ वर्षांनी त्याच दिवशी जपान शरण आला, त्यामुळे भारताला ती तारीख मिळाली आणि ती तारीख पुन्हा गोव्याच्या हद्दीवर येऊन थडकली!' वाचायला झकास. पण यातले दोन १५ ऑगस्ट एकच दिवस नाहीत. त्यांच्यात दहा दिवसांची फट आहे.

ही फट समजून घेण्यासारखी आहे. युरोपात पूर्वी ज्युलियस सीझरच्या काळापासूनची दिनदर्शिका चालायची. तिच्यात दर चौथं वर्ष लीप, म्हणजे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचं. खरं वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काय, तर चहा उकळून गाळायचा वेळ. पण ती दरवर्षी साठत गेली की १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकात ऋतू आणि तारीख यांच्यात दहा दिवसांचं अंतर पडलं होतं आणि ईस्टरचा हिशोब चुकायला लागला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२मध्ये दहा तारखा सरळ गाळून टाकल्या. ४ ऑक्टोबरचा गुरुवार झाला आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार उजाडला तो १५ ऑक्टोबरचा. वार चुकला नाही, फक्त आकडा उडी मारून गेला. स्पेनची संत तेरेसा नेमकी त्या रात्री वारली. चार तारखेच्या रात्री गेलेल्या बाईचा सण पंधरा तारखेला असतो तो त्यामुळेच. पुढे अंतर पडू नये म्हणून नियम केला की शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जात असेल तरच ते लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं.

स्पेन आणि पोर्तुगाल तेव्हा एकाच राजाखाली होते आणि दोघांनी हा बदल लगेच केला. गोव्याला मात्र आदेश जहाजातून यायचा होता. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेली जहाजं सप्टेंबरच्या आसपास मांडवीत शिरायची. म्हणून १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीला जे घडलं त्याची तारीख पुस्तकांत दोन तऱ्हांनी सापडते. देवळं मोडल्याच्या रागातून गावकऱ्यांनी जेझुइट पंथाच्या पाच जणांना ठार केलं. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांचा जीव घेतला. एका पुस्तकात १५ जुलै, दुसऱ्यात २५ जुलै. वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी चुकलंय. चुकलं कोणी नाही. तो एकच सोमवार आहे, एकदा जुन्या गणनेने लिहिलेला आणि एकदा नव्या. तारखांचा घोळ सोडवायचा असेल तर वार शोधावा. आकडे बदलतात, वारांची साखळी तुटत नाही.

खरी मजा पुढे आहे. पोपचा आदेश प्रोटेस्टंट इंग्लंडने मानला नाही. तिथे नवी गणना लागू झाली १७५२मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं पणजीच्या बाजूची पोर्तुगीज पत्रं आणि सुरत-मुंबईच्या इंग्रजांची पत्रं यांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक आहे, १७००नंतर अकरा. मुंबई १६६५मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या हाती गेली, तेव्हा ती दहा दिवस मागे गेली असं म्हणायलाही हरकत नाही.

याचा थेट संबंध आपल्या घरच्या वादाशी आहे. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावर लोक हिरिरीने भांडतात. तारखेने म्हणजे कुठल्या तारखेने, हे कोणी विचारत नाही! १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या गणनेची तारीख. आजच्या दिनदर्शिकेत ती १ मार्च येते. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही जुन्या गणनेचा, इंग्रजांच्या नोंदींशी जुळणारा. गोव्यातल्या एखाद्या पोर्तुगीज कारकुनाने तोच दिवस लिहिला असता तर १६ जून लिहिला असता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोघांच्याही डोक्यावर तीच होती, कारण चंद्र पोपचं ऐकत नाही आणि इंग्लंडच्या राजाचंही.

उलट, संभाजीराजांच्या मावळ्यांनी ओहोटी साधून गोव्यातलं जुवें बेट घेतलं ती २४ नोव्हेंबर १६८३ची रात्र आपल्याला पोर्तुगीजांच्या कागदांतून कळते, म्हणून ती नव्या गणनेची आहे. वडिलांचा राज्याभिषेक एका दिनदर्शिकेत आणि मुलाची गोव्यावरची स्वारी दुसऱ्या दिनदर्शिकेत, असा हा इतिहास आपण एकाच ओळीत वाचत असतो. त्या रात्रीनंतर उजाडला २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरीनचा दिवस. १५१०मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला तोही याच सणाला, म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. आकडा तोच, सण तोच, पण १५१०चा २५ नोव्हेंबर जुन्या गणनेचा. आजच्या हिशोबाने तो ५ डिसेंबर भरतो.

निवड झाली, घड्याळ झालं, पंचांग झालं. राहिला निव्वळ योगायोग. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार स्वस्त असतो.

वर्षात दिवस ३६५ किंवा ३६६. जगाच्या इतिहासातल्या जेमतेम चार हजार घटना निवडल्या तरी दर तारखेच्या वाट्याला सरासरी दहा-अकरा येणार. कुठलीही तारीख रिकामी राहणं हेच नवल. भाचीच्या वर्गाचं उदाहरण घेतलं. वर्गात चाळीस मुलं. दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? ती म्हणाली, दहा टक्के. खरं उत्तर सुमारे ८९ टक्के. नुसती २३ मुलं असली तरी पन्नास टक्क्यांच्या वर. कारण आपण मुलं मोजतो आणि मोजायला हव्यात जोड्या. २३ मुलांत २५३ जोड्या होतात, ४० मुलांत ७८०. ठरावीक एका मुलीशी जुळणं अवघड असतं. कोणाचं तरी कोणाशी तरी जुळणं अगदीच सोपं.

म्हणून १८ जूनचं पान बघा. १९४६मध्ये मडगावला राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांची सभा झाली तो आपला क्रांतिदिन. त्याच तारखेला १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियन हरला आणि १९४०मध्ये द गॉलने लंडनहून फ्रान्सला लढत राहायला सांगितलं. हळदीघाटचीही तारीख १८ जून १५७६ अशीच लिहितात, पण ती जुन्या गणनेची, म्हणजे आजची २८ जून! लोहिया त्या जून महिन्यात असोळणेला मिनेझिस यांच्या घरी प्रकृतीला आराम म्हणून आले होते. वॉटर्लू मनात धरून कोणी मडगावची सभा ठरवली नसणार. १९ डिसेंबरचंही तसंच. १९२७मध्ये त्या दिवशी रामप्रसाद बिस्मिल, अशफाकुल्ला खान आणि रोशन सिंह फासावर गेले. १९६१मध्ये त्या दिवशी संध्याकाळी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती दिली. भारतीय सैन्य १७-१८ डिसेंबरच्या मध्यरात्री शिरलं होतं. प्रतिकार दोन दिवस जास्त टिकला असता तर आपला मुक्तिदिन २१ डिसेंबर झाला असता.

जुळवाजुळव करायचीच ठरवली तर काय वाटेल ते जुळतं. मी गंमत म्हणून करून पाहिलं. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना ३४,०२१ मतं जास्त पडली. दिनविशेषात त्याच तारखेला १६८१मधला संभाजीराजांचा राज्याभिषेक असतो. माझ्यासारख्या मराठी माणसाला यात काहीतरी अर्थ दिसायला वेळ लागत नाही. पण १६८१ची ती तारीख जुन्या गणनेची. दहा दिवस मिळवले की होतो २६ जानेवारी. एक योगायोग हातातून सुटला आणि त्याच्यापेक्षा देखणा दुसरा हाती आला! दोन्ही गणना खिशात ठेवून जो हिंडेल, त्याची झोळी रिकामी राहणार नाही.

श्री अरविंदांची नोंद यात कुठे बसते? १८७२चा जन्म, म्हणजे १९४७ला बरोबर पंचाहत्तर वर्षं. माउंटबॅटननी त्यांच्याकडे बघून तारीख ठरवली नव्हती, म्हणून माझ्या वहीत ही नोंद योगायोगाच्या रकान्यात. स्वतः अरविंदांनी मात्र त्या दिवशीच्या संदेशात लिहिलं होतं की आपण याला अपघात मानत नाही. ज्याचा वाढदिवस त्याला तेवढा हक्क असतो.

हे सगळं ऐकून भाचीने एकच व्यावहारिक प्रश्न विचारला. "मग कागोशिमापुढे २५ ऑगस्ट लिहू?" म्हटलं, नको. जुन्या तारखा बदलायला लागलो तर जुन्या गोव्याचं झेवियरचं ३ डिसेंबरचं फेस्तही १३ला न्यावं लागेल. पंधराच ठेव आणि कंसात 'जुनी गणना' लिही.

फळ्यावर जागा पुरली नाही, कारण तिरंगा काढणाऱ्या मुलाने दोनतृतीयांश फळा घेतला होता. दक्षिण कोरिया गेला, मोंमार्त्र गेलं. तेरेखोल, पत्रादेवी आणि टोकियो एकाखाली एक आले आणि त्यांना जोडणारी रेघ तिने लाल खडूने ओढली. कागोशिमा बाजूला एकटं राहिलं, कंसासकट. बाईंनी विचारलं, "हा कंस कशाला?" झेंडावंदनाला दहा मिनिटं होती, ती म्हणाली, "बाई, हे नंतर सांगते."